नकाशा आणि सैनिकाचं पत्र : अमेरिकेचा युद्धेतिहास काही महिने वाचल्यावर

अमेरिकेच्या युद्धेतिहासावर ऑनलाइन साहित्य उदंड आहे आणि त्यातलं उत्तम साहित्य चक्क फुकट आहे. गेले काही महिने मी तीन ठिकाणं नियमित वापरतोय. अमेरिकन बॅटलफिल्ड ट्रस्टचे हलते नकाशे, नॅशनल पार्क सर्व्हिसची यादवी युद्धातल्या (१८६१-६५, उत्तरेकडची राज्यं विरुद्ध दक्षिणेकडची) सैनिकांची नावनिशी आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट. तिन्हींवर एकत्र लिहितोय, कारण सुटं वापरलं तर प्रत्येक अपुरं पडतं. नुसता नकाशा बघताना आपण नकळत सेनापतीसारखा विचार करू लागतो. नुसतं पत्र वाचलं तर त्या माणसाचं मन कळतं, पण तो कुठे उभा आहे आणि समोर कोण आहे याचा पत्ता लागत नाही. दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवले की लढाई समजायला लागते.

सुरुवात गेटिसबर्गपासून केली. १ ते ३ जुलै १८६३, पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं गाव, दोन्ही बाजू मिळून दीड लाखाहून जास्त सैनिक, आणि तीन दिवसांत मृत, जखमी, बेपत्ता व पकडलेले असे सुमारे ५१,००० जण. पुस्तकात ही लढाई वाचताना टेकड्यांची नावं डोक्यात एकमेकांत मिसळायची. हलत्या नकाशात पहिल्या दिवशी गावाच्या पश्चिमेला उत्तरेच्या ब्यूफर्डचं घोडदळ वेळ काढतंय, उत्तरेचाच जनरल रेनॉल्ड्स पडतोय, उत्तरेची फौज गावातून मागे रेटली जाऊन दक्षिणेकडच्या उंच जागा धरतेय, हे सगळं क्रमाने दिसतं. या माघारीमुळेच उत्तरेला चांगली जागा मिळाली, ही गोष्ट मला नकाशामुळे पहिल्यांदा नीट कळली. तिसऱ्या दिवशीचा दक्षिणेच्या जनरल पिकेटचा हल्लाही नकाशावर बघावा. साडेबारा हजारांच्या आसपास सैनिक, समोर सुमारे मैलभर उघडं रान, आणि त्यातले निम्मे कामी आले किंवा जायबंदी झाले. त्या रानाची लांबी डोळ्यांनी पाहिल्यावर दक्षिणेचा सेनापती ली याच्या त्या निर्णयाची बाजू घेणं मला तरी जमत नाही.

पण नकाशाची मर्यादा दिसते ती दुसऱ्या दिवशी, लिटल राउंड टॉप या टेकडीवर. उत्तरेच्या फळीचं डावं टोक विसाव्या मेन रेजिमेंटकडे (मेन हे राज्याचं नाव) होतं. तिचा प्रमुख जोशुआ चेंबरलेन, मूळचा कॉलेजातला प्राध्यापक. काडतुसं संपत आली तेव्हा त्याने संगिनी लावून उतारावरून हल्ला चढवला, हे प्रसिद्ध आहे. नकाशावर उत्तरेची निळी पट्टी दक्षिणेच्या तांबड्या पट्टीला मागे ढकलते आणि आपण पुढच्या प्रसंगाकडे जातो. मग समोरच्या, दक्षिणेच्या पंधराव्या अलाबामा रेजिमेंटच्या प्रमुखाने, ओट्सने, लिहिलेली हकीकत वाचली. त्याची माणसं त्या दिवशी भर जुलैच्या उन्हात चाळीसेक किलोमीटर चालून आली होती. पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवलेले बावीस जण शत्रूच्या हाती सापडले, त्यामुळे पाणी आलंच नाही. तहानलेली, थकलेली माणसं त्या चढावर पुन्हा पुन्हा चढत होती. पट्टी मागे का सरकली याचं निम्मं उत्तर इथे आहे.

नॅशनल पार्क सर्व्हिसची नावनिशी दिसायला अगदी कोरडी आहे. ६० लाखांहून जास्त नोंदी, नाव, रेजिमेंट, कंपनी, भरती होतानाचा हुद्दा. माणसं प्रत्यक्षात याहून कमी, कारण एकाच माणसाची नोंद वेगवेगळ्या स्पेलिंगने अनेकदा आलेली आहे. त्यामुळे शोधताना आडनावाची चार रूपं टाकून बघावीत. मला जास्त उपयोगी पडला तो रेजिमेंटचा भाग. कधी उभी राहिली, कुठे कुठे लढली, किती गेले. विसाव्या मेनच्या नोंदीत लढाईत मेलेले किंवा जखमांनी नंतर गेलेले १४७ आहेत आणि रोगाने गेलेले १४६. लिटल राउंड टॉपवर एवढी झुंज दिलेल्या रेजिमेंटची ही गत. जुलाब, टायफॉइड आणि गोवर यांनी छावणीत बसल्या बसल्या जवळजवळ तितकीच माणसं नेली. यादवी युद्धात एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास रोगाने झाले, हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. एका ओळखीच्या झालेल्या रेजिमेंटचा आकडा बघितल्यावर ते जास्त लागलं.

इथूनच माझी वाचायची पद्धत ठरली. लढाई निवडायची, तिच्यातली एक रेजिमेंट धरायची आणि रेजिमेंटमधला एक माणूस.

अशा रीतीने भेटलेला माणूस म्हणजे एकशे चोपन्नाव्या न्यूयॉर्क रेजिमेंटचा सार्जंट एमॉस ह्युमिस्टन. गेटिसबर्गच्या पहिल्या दिवशी गावाच्या उत्तर कडेला, विटांच्या भट्टीजवळ ही रेजिमेंट चेचली गेली. नंतर गावात एक मृतदेह सापडला, ओळखीची एकही खूण नाही, हातात फक्त तीन मुलांचा काचेवरचा फोटो. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापता येत नसत. फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरने पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १८६३ मध्ये मुलांचं वर्णन शब्दांत छापून आलं. थोरल्या मुलाचं जाकीट आणि मुलीचा फ्रॉक एकाच कापडाचे आहेत, इतक्या बारकाईने. ते वर्णन न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिलमध्ये फिलिंडा ह्युमिस्टनपर्यंत पोचलं. तिनेच तो फोटो नवऱ्याला पाठवला होता. मुलांची नावं फ्रँक, ॲलिस आणि फ्रेडरिक. पुढे या प्रकरणातून जमलेल्या पैशांवर १८६६ मध्ये गेटिसबर्गला सैनिकांच्या मुलांसाठी अनाथाश्रम निघाला, फिलिंडा मुलांसह तिथे राहायला गेली. त्याच आश्रमात काही वर्षांनी मुलांचा छळ झाल्याचं उघडकीला आलं आणि तो बंद पडला. बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट फोटोपाशीच थांबवतात. पुढचा भाग गाळू नये असं मला ठामपणे वाटतं. सैनिक मेल्यावर घरच्यांचं काय झालं, हाही युद्धेतिहासच आहे.

दुसरा माणूस कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग, चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट, म्हणजे उत्तरेच्या पहिल्या कृष्णवर्णीय रेजिमेंटांपैकी एक. योगायोग असा की ह्युमिस्टन आणि गुडिंग दोघेही आधी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर होते आणि दोघेही कविता करायचे. १८ जुलै १८६३ ला चोपन्नाव्या रेजिमेंटने चार्ल्स्टनजवळच्या फोर्ट वॅगनरवर हल्ला केला. ६०० च्या आसपास सैनिकांपैकी अडीचशेहून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच पडला. नकाशावर हा हल्ला वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरची एक सरळ रेघ आहे. बाजूला पसरायला जागाच नव्हती, हे त्या रेघेवरून चटकन कळतं.

यानंतरचं पत्र मात्र कुठल्याही नकाशात मावत नाही. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार. काळ्या शिपायाला १०, त्यातले ३ कपड्यांचे कापून हातात ७. चोपन्नाव्या रेजिमेंटने कमी पगार घ्यायला नकार दिला. मॅसॅच्युसेट्स राज्य फरक भरून द्यायला तयार होतं, तेही त्यांनी घेतलं नाही. घरी बायकापोरांची आबाळ चालू असताना हा नकार. गुडिंगने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला लिहिलं आणि विचारलं, आम्ही सैनिक आहोत की मजूर? जून १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. तेव्हा गुडिंग फ्लोरिडातल्या ओलुस्टीच्या लढाईत पकडला जाऊन जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या बंदिछावणीत पडला होता. जुलैमध्ये तो तिथेच वारला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे स्वतःला झोकून दिलं होतं. ती अर्पणपत्रिका आता वाचताना मी गुडिंगला त्या लोकांत धरतो. सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात होते. त्यांतल्या बहुतेकांची नुसती नावंच उरली आहेत, कारण दक्षिणेत गुलामांना लिहायला शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता. म्हणून गुडिंगसारख्याचं पत्र सावकाश वाचावं.

व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्टबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. अमेरिकी काँग्रेसने २००० मध्ये तो सुरू केला. पहिल्या महायुद्धापासून पुढच्या सैनिकांच्या मुलाखती, पत्रं, फोटो असे एक लाखाहून जास्त संग्रह आहेत. सगळे ऑनलाइन नाहीत. मुलाखती घेणारे बहुधा स्वयंसेवक, विद्यार्थी, नाहीतर घरचेच, त्यामुळे दर्जा कमीजास्त. कुठे प्रश्न भलतीकडेच जातो, कुठे आवाज खोल जातो. उच्चारांची सवय व्हायला वेळ लागतो, हेडफोन लावूनच ऐका. पण काटछाट नसल्यामुळे माणूस आपल्या गतीने बोलतो. १९५० च्या हिवाळ्यातली कोरियातली चोसिनची लढाई घ्या. वैद्यकीय मदतनीस मॉर्फिनच्या नळ्या गोठू नयेत म्हणून तोंडात धरून ठेवायचे. तिथल्या थंडीबद्दल एवढं कळलं की तापमानाचा आकडा लागत नाही. एक पथ्य पाळावं. या आठवणी अनेक दशकांनंतरच्या आहेत, तारीख आणि ठिकाण दुसरीकडे ताडून घ्यावं.

इटलीच्या आघाडीचं वाचताना जीव अडकला. एप्रिल १९४५ च्या शेवटच्या चढाईत ४४२ व्या रेजिमेंटचा, जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांचा, डॅनियल इनोये सॅन तेरेन्झोजवळ हात गमावून बसला. त्याआधी काही दिवस, ९ एप्रिलला, त्याच आघाडीवर सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढत होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इनोये पुढे सिनेटर झाले, आयुष्यभर त्या दिवसाबद्दल बोलले. जाधवांच्या पराक्रमाचं मानपत्र वाचायला मिळतं. त्यांच्या तोंडून अर्धा तास ऐकायला मिळालं असतं तर, हा विचार सुटत नाही. या प्रोजेक्टची मुलाखतीची प्रश्नावली कुणालाही उतरवून घेता येते. किमान तीस मिनिटं, काटछाट नाही, एवढेच मोठे नियम. साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे १९६५ आणि १९७१ लढलेली माणसं गावोगाव आहेत. ही प्रश्नावली मी मराठीत करून ओळखीच्या दोन माजी सैनिकांच्या घरी दिली आहे.

मध्ये एक पैसे भरायचं ॲपही वापरून पाहिलं. चित्रं देखणी, पण मजकूर कुठून घेतला याचा पत्ता नाही. बंद केलं.

बॅटलफिल्ड ट्रस्टचा भर स्वातंत्र्ययुद्ध, १८१२ चं युद्ध आणि यादवी युद्ध यांवर आहे. व्हिएतनामसाठी तिथे जाऊ नका, थेट मुलाखतींकडे वळा. अगदी नवे असाल तर गेटिसबर्गऐवजी अँटिटमपासून सुरुवात करा. १७ सप्टेंबर १८६२, लढाई एका दिवसाची, मैदान आटोपशीर, आणि सकाळचं मक्याचं शेत, मध्यान्हीचा खोलगट रस्ता, दुपारचा पूल असे तीन टप्पे स्पष्ट वेगळे. नकाशा आधी एकदा सलग बघा, मग एक रेजिमेंट धरून पुन्हा थांबत थांबत. मोबाइलवर हे जमत नाही, मोठा पडदा लागतो.