ग्लायफोसेट ४१ टक्के एस.एल.: रानात न्यायचं तर पंप नको, ब्रश हवा

घाणेरी, सुबाभूळ, वेडी बाभूळ ही रानात घुसलेली परदेशी झाडं नुसती तोडली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटतात. म्हणून नैसर्गिक रान मोकळं करणाऱ्यांचा हात कधी ना कधी ग्लायफोसेट या तणनाशकाच्या डब्याकडे जातोच. माल जुना, १९७४ पासून बाजारात. एस.एल. म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव रूप. लिटरमध्ये सुमारे ३६० ग्रॅम ग्लायफोसेट आम्ल, ते क्षाराच्या रूपात. बाकी पाणी आणि बहुतेक डब्यांत पानाला चिकटवणारं द्रव्य. शेतात ते काय करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. रानात मात्र ते कसं लावता यावर सगळं ठरतं.

कापलेल्या बुंध्यासाठी हे औषध उत्तम, पाचपैकी साडेचार. खोड जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटरवर आडवं, सपाट कापायचं. कोयत्याच्या तिरक्या घावावरून औषध ओघळतं, म्हणून करवतच बरी. भुसा झटकायचा, नाहीतर तोच औषध पितो. मग निम्मं औषध आणि निम्मं पाणी, जाड खोडाला निव्वळ औषध. बारीक खोडाचा अख्खा काप ओला करा. जाड खोडाचा मधला गाभा मेलेलाच असतो, तिथे ओतणं म्हणजे नासाडी. सालीच्या लगेच आत जी ओलसर फिकट कडा दिसते, तिच्यावरून ब्रश गोल फिरवायचा. हे सगळं कापल्यापासून पाच मिनिटांत.

फसतं ते इथेच. टोळी सकाळभर तोडत सुटते आणि दुपारी एकजण डबा घेऊन फिरतो. तोवर काप सुकलेला असतो, औषध आत ओढलंच जात नाही, आणि थोड्याच आठवड्यांत बुंधा पुन्हा हिरवा. एकाने कापायचं, दुसऱ्याने मागोमाग लावायचं. मिश्रणात रंग टाकला की राहून गेलेला बुंधा लगेच दिसतो. घाणेरीच्या जाळीत बरीच खोडं असतात आणि सुटलेलं एकच पुरेसं होतं. वेळ निवडायची ती फुलं येऊन गेल्यानंतरची, कारण तेव्हा झाड अन्न मुळांकडे पाठवत असतं आणि औषधही त्याच वाटेने खाली जातं. पालवी फुटताना रस वर चढतो आणि लावलेलं औषध कापातून बाहेर ढकलतो.

फवारणीला पाचपैकी दीड. १५ लिटरच्या पंपाला दीड ते दोन टक्के, म्हणजे २२५ ते ३०० मिली. डोस चढवून फायदा नाही: पान आधीच करपतं आणि औषध मुळापर्यंत पोचतच नाही. गढूळ पाण्यातली माती आणि जड पाण्यातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतात, म्हणून स्वच्छ पाणी. जड असेल तर आधी अमोनियम सल्फेट, मग औषध. पानावर धूळ असेल किंवा झाड पाण्यावाचून मलूल असेल तर दिवस वाया. फवारल्यावर निदान सहा तास पाऊस नको.

इतकं सगळं जमलं तरी मूळ दुखणं तसंच राहतं. हे औषध जात बघत नाही. घाणेरीखाली तग धरून असलेलं देशी गवत आणि रोपटी तिच्याबरोबर जातात, आणि मोकळ्या जमिनीवर आधी उगवतं ते गाजरगवत. मातीतल्या बियांना यातलं काहीच लागत नाही. सुबाभळीचं बी तर दहा वर्षांहून जास्त टिकतं.

‘मातीत पडताच निष्क्रिय’ हा विक्रेत्यांचा आवडता दावा अर्धाच खरा. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं हे खरं, पण चिकटणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. निम्मं विघटन व्हायला माती आणि तापमानानुसार काही दिवस ते काही महिने लागतात. पाण्याजवळ तर नेहमीचा डबा नेऊच नये. त्यातल्या काही चिकट द्रव्यांचा, विशेषतः पीओईए गटातल्यांचा, बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना ग्लायफोसेटपेक्षा जास्त त्रास होतो.

कर्करोगाबद्दल संस्थांचं एकमत नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपातल्या नियामकांना तसं आढळलं नाही. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या हे धरूनच चालायचं. सुती हातमोजे नकोत, ते औषध शोषून कातडीला लावून ठेवतात.

घाणेरीपुरतं बोलायचं तर डबा न उघडताही भागतं. जमीन ओली असताना खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीच्या खाली, जमिनीत काही सेंटिमीटरवर, कुदळीने मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. जपानी नॉटवीड या परदेशातल्या चिवट तणाचं उलट: खणलं तर भूमिगत खोडाच्या प्रत्येक तुकड्यातून नवं झाड येतं, तिथे औषधाला पर्याय थोडेच. आणि खाली गवत वाचवायचं असेल तर ट्रायक्लोपायर हे दुसरं तणनाशक बघा. ते रुंद पानांनाच मारतं, गवताला सहसा नाही. फक्त त्याचं एस्टर रूप उन्हात वाफ होऊन शेजारच्या झाडांवर जातं, आणि माशांनाही घातक आहे.

घ्यायचा तो लहान पॅक. बुंध्याच्या कामाला औषध फार थोडं लागतं. मिश्रण प्लास्टिकच्या भांड्यातच करा. साध्या लोखंडाच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या टाकीत हायड्रोजन वायू तयार होतो, आणि तो पेट घेतो.