बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये एआय एजंट: हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

सांगली-तासगाव रस्त्यावरील आमच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये बेदाण्याच्या नोंदी सांभाळण्यासाठी घेतलेला एआय एजंट पूर्ण हंगाम वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. एजंटच्या आत एक भाषा-मॉडेल असते; नोंद वाचणे किंवा बदलणे अशी कामे ते ‘टूल’ नावाच्या छोट्या प्रोग्रामकडून करून घेते, आणि अशी टूल मॉडेलला जोडण्याची प्रमाणित पद्धत म्हणजे एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल). मराठीत विचारलेले त्याला समजते, आवक-जावकेचा गोषवारा तो चटकन देतो आणि भाड्याचा हिशेबही चोख करतो. माझी तक्रार ‘अपडेट लॉट’ या एकाच टूलच्या वर्णनाबद्दल आहे आणि ती मी सविस्तर मांडणार आहे.

पुरवठादाराने ते वर्णन एका ओळीत उरकले होते: ‘लॉटची माहिती अद्ययावत करते.’ प्रत्यक्षात ते टूल संपूर्ण नोंद नव्याने लिहीत असे, म्हणजे एजंटने जे रकाने पाठवले नाहीत ते कोरे होत. कोड वाचणाऱ्याला हे लगेच कळले असते. पण मॉडेलला कोड दिसत नाही, त्याच्यासमोर टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरांची (टूलला पुरवायच्या माहितीची) यादी एवढेच येते. एका लॉटमधून काही बॉक्स उचलले गेले, कारकुनाने शिल्लक बदलण्यास सांगितले, एजंटने लॉट क्रमांक आणि नवी शिल्लक एवढेच पाठवले, आणि त्याच नोंदीतील बँकेच्या तारणाचा शेरा पुसला गेला. कागदी रजिस्टर आम्ही बंद केलेले नव्हते, म्हणून तारणातला माल गेटबाहेर जाण्यापूर्वी अडवता आला.

यावर पुरवठादाराचे उत्तर असे की आमचे मॉडेल लहान आहे, वरचा प्लॅन घ्यावा. मालकांच्या आग्रहाखातर तो महिनाभर घेतला. मोठ्या मॉडेलची मराठी अधिक सफाईदार होती, परंतु रकाने तितक्याच सफाईने कोरे होत राहिले, कारण त्यालाही वाचायला तीच एक ओळ मिळत होती. त्यानंतर वर्णन बदलण्यासाठी स्वतंत्र शुल्क मागण्यात आले. पाच वाक्ये लिहिण्याचे शुल्क मी दिले नाही; बऱ्याच पत्रव्यवहारानंतर वर्णनाची फाईल आमच्या हाती आली आणि वर्णन मीच असे लिहिले: ‘आधीपासून असलेल्या एकाच लॉटची नोंद बदलते, नवा लॉट तयार करत नाही. न पाठवलेला रकाना कोरा होतो, म्हणून प्रथम लॉटची पूर्ण नोंद वाचावी आणि सर्व रकान्यांसह परत पाठवावी. तारणाचा शेरा बदलण्यासाठी हे टूल वापरू नये. ती नोंद बँकेचे पत्र पाहून कार्यालयातील माणूस करतो. लॉट न सापडल्यास जवळचा क्रमांक गृहीत न धरता विचारावे.’ त्यानंतर जुन्या, स्वस्त प्लॅनवरच काम सुरळीत चालू लागले.

लॉट क्रमांकाचे वर्णनही असेच अपुरे होते. आमचे क्रमांक दर १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होतात आणि बेदाण्याची आवक मार्चमध्येही असते, एप्रिलमध्येही. त्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन लॉट एकाच वेळी शीतगृहात असतात. त्यात ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, यावर आर्थिक वर्षच बदलते. आता पॅरामीटरच्या वर्णनात आर्थिक वर्ष सक्तीचे केले आहे आणि तारखेचा क्रम वर्ष, महिना, दिवस असा नमुन्यासह दिला आहे.

वर्णन एकदा नीट लिहिले की काम संपले, असे मी या लेखाच्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते. ते मत आता बदलले आहे. मध्यंतरी पुरवठादाराने टूलच सुधारले आणि न पाठवलेले रकाने जसेच्या तसे राहू लागले. मूळ दुरुस्ती हीच होती, कारण कोडमधील खोट वर्णनाने झाकून फार काळ भागत नाही. मात्र वर्णन बदलण्याचे कोणाला सुचले नाही. एजंट जुन्या सूचनेप्रमाणे पूर्ण नोंद वाचून सर्व रकाने परत पाठवत राहिला, आणि त्या दरम्यान गेटवरील माणसाने काही बदलले असेल तर त्यावर जुनी माहिती पुन्हा लिहिली जाऊ लागली.

खर्चाबद्दल एक गोष्ट: टूलची वर्णने प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जातात आणि त्यांचेही टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर खर्च ठरतो) मोजले जातात, म्हणून लांब वर्णन महाग पडेल अशी मला धास्ती होती. वर्णने छाटण्याऐवजी आम्ही न लागणारी टूल यादीतून काढली, त्यात नोंद कायमची पुसणारे टूल सर्वांत आधी गेले. एमसीपीमध्ये टूल ‘फक्त वाचणारे’ की ‘नोंद नष्ट करू शकणारे’ अशी खूण देता येते. ती खूण म्हणजे निव्वळ सूचना असते, तिच्या भरवशावर असे टूल यादीत ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

वार्षिक देखभाल करार आता नूतनीकरणासाठी आला आहे. टूलचा कोड बदलल्यास त्याच वेळी वर्णनही बदलून लेखी कळवावे आणि वर्णनातील दुरुस्तीला शुल्क लावू नये, अशी दोन कलमे मी त्यात घातली आहेत. पहिले त्यांनी मान्य केले आहे, दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत, आणि वरच्या प्लॅनसाठी घेतलेले जादा पैसे वळते झाल्याशिवाय करारावर आमची सही होणार नाही.