हलक्या लिनक्सवर कॉपी-पेस्ट: पावसाळ्यापासून जत्रेपर्यंतचा वापर

फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं आणि संहिता टाईप करायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. यंदा पावसाच्या तोंडावर जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून डेबियन १२ हे लिनक्स आणि त्यावर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप घातला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम. मशीन सुसाट पळायला लागलं, पण त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते फक्त कॉपी-पेस्टबद्दल. सुरुवातीला एवढ्याशा गोष्टीने जीव नकोसा केला होता. आता दुसऱ्याच्या विंडोजवर बसलं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पहिली तक्रार अशी. माऊसपॅड या साध्या एडिटरमध्ये एक उतारा कॉपी केला, खिडकी बंद केली, लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा प्रोग्रॅम) येऊन पेस्ट दाबलं आणि काहीच उमटलं नाही. स्क्रीनशॉटचंही तेच. टिपलं, कॉपी केलं, टिपणारा प्रोग्रॅम बंद झाला की चित्र गायब. मला वाटलं कीबोर्ड गेला. पावसाळ्यात आमच्याकडे कीबोर्डची एकदोन बटणं रुसतातच.

कीबोर्ड ठणठणीत होता. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स विंडो सिस्टीमची (थोडक्यात एक्स) पद्धतच वेगळी आहे. इथे कॉपी म्हटल्यावर मजकूर कुठे जाऊन साठत नाही. ज्या प्रोग्रॅममधून कॉपी केलं तो फक्त जाहीर करतो, ‘माल माझ्याकडे आहे’. पेस्ट करताना दुसरा प्रोग्रॅम त्याच्याकडे मागतो आणि तेव्हा मजकूर हातात पडतो. मालकाने दुकान बंद केलं की देणारं कोणी उरत नाही. बरेचसे प्रोग्रॅम बंद होताना विचारतातही, हे सांभाळणारा कोणी आहे का? केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी क्लिपर असतो, एक्सएफसीई या तिसऱ्यात सेटिंग सांभाळणारी सेवा हे काम करते. माझ्या एलएक्सडीईमध्ये असं कोणी चालू नव्हतं. हलक्या मांडणीत हा रखवालदारच नव्हता. म्हणजे बिघाड नव्हताच, एक माणूस कमी होता.

ती जागा भरायला मी एक्सएफसीईचाच क्लिपमॅन घेतला, कॉपी केलेल्या गोष्टींची यादी ठेवणारा प्रोग्रॅम. डेबियनच्या भांडारातून उतरवला, एलएक्सडीईच्या ऑटोस्टार्ट यादीत (मशीन सुरू होताच आपोआप चालणारे प्रोग्रॅम) टाकला, घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह दिसायला लागलं. तेव्हापासून खिडकी बंद केली तरी मजकूर राहतो. कॉपीक्यू हा याच कामाचा दुसरा प्रोग्रॅमही चांगला आहे. चित्रं, फॉरमॅटिंग सगळं नीट साठवतो, शोधताही येतं. पण माझ्या गरजेपेक्षा तो मोठा वाटला, आणि २ जीबीवर ‘असू दे की’ म्हणत प्रोग्रॅम भरले तर विंडोज काय वाईट होतं?

खरा फायदा मात्र इतिहासाचा. नाटकाच्या संहितेत प्रत्येक वाक्याआधी पात्राचं नाव. सेनापती, किल्लेदार, हेर, पुन्हा किल्लेदार. ऑटोटेक्स्ट वापर, म्हणजे ठरलेला मजकूर आखूड खुणेने टाक, असं सांगणारे भेटतात. पण मंडळी दर तालमीत पात्रं कमीजास्त करणार, कुणाचं नाव बदलणार, एखाद्या पदाची जागा हलवणार. क्लिपमॅनच्या यादीत मागच्या वीसेक गोष्टी असल्या की हवी ती उचलायची आणि पुढे जायचं. तिसऱ्या अंकातून कापलेला संवाद तासाभराने पहिल्या अंकात लागला, तरी तो तिथेच असतो. यंदाची संहिता त्यामुळे बरीच लवकर हातावेगळी झाली.

दुसरा घोळ जास्त मजेशीर. एक्सवर कॉपी-पेस्टच्या दोन वेगळ्या जागा आहेत. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीची एक, तिचं नाव क्लिपबोर्ड. माऊसने मजकूर नुसता निवडला की तो जातो दुसरीत, तिचं नाव प्रायमरी. माऊसचं मधलं बटण, म्हणजे चाक दाबलं की प्रायमरीतला मजकूर पडतो. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. सवय झाली की हे फार छान आहे, एकाच वेळी दोन तुकडे हातात राहतात.

सवय होईपर्यंतचं विचारू नका. चाक फिरवता फिरवता दाबलं जातं आणि मघाशी निवडलेली ओळ भलत्याच ठिकाणी घुसते. एका तालमीत आमचे मास्तर वही आपटून म्हणाले, ‘किल्लेदाराची शरणागती सेनापतीच्या तोंडी? मग नाटक पहिल्याच अंकात संपवूया!’ सगळे हसले, मी घरी येऊन लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये व्ह्यू उघडून मधल्या बटणाचं काम बंद केलं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) चालू ठेवलंय, तिथे ते उपयोगी पडतं. ज्यांच्या माऊसचं चाक सैल झालंय त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

यावर नेटवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे दोन्ही जागा जोडून टाका. ऑटोकटसेल हा छोटा प्रोग्रॅम त्यासाठीच आहे, क्लिपमॅनमध्येही तशी खूण करता येते. मी काही दिवस करून पाहिलं आणि काढून टाकलं. कारण सांगतो. नवीन वाक्य कॉपी केलं. जुन्या वाक्यावर ते चढवायचं म्हणून जुनं वाक्य माऊसने निवडलं. निवडताक्षणी जुनंच क्लिपबोर्डवर गेलं आणि कंट्रोल-व्ही दाबल्यावर जुन्याच्या जागी जुनंच आलं. संपादनाचं काम करणाऱ्याने या फंदात पडू नये. टर्मिनलमधून फक्त कमांडी उचलणाऱ्यांचं कदाचित भागत असेल.

मराठी टाईप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून, कारण इंग्रजी लेखांत ती सापडत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत सीच्या बटणावर म आहे आणि व्हीच्या बटणावर न. कीबोर्डच्या मांडण्यांच्या यादीत फक्त मराठी ठेवली, तर कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रॅमला कंट्रोल आणि म ऐकू येतं आणि काही प्रोग्रॅम ढिम्म बसून राहतात. यादीत इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी ठेवा. मग मराठी चालू असतानाही बहुतेक प्रोग्रॅम इंग्रजी बटण ओळखून घेतात. जे हट्टी आहेत त्यांना कंट्रोल-इन्सर्टने कॉपी आणि शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट. या बटणांना भाषा नसते.

टर्मिनलची बाब थोडक्यात. तिथे कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबव, म्हणून कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. बोटांना ती सवय लागली की फायरफॉक्समध्येही तेच दाबलं जातं आणि डेव्हलपरचं भलंमोठं साधन उघडतं. चिडचिड होते, उपाय मी शोधलेला नाही. एलएक्सटर्मिनल या एलएक्सडीईच्या टर्मिनलमध्ये शिफ्ट-इन्सर्टने प्रायमरीतला मजकूर येतो आणि फायरफॉक्समध्ये त्याच बटणांनी क्लिपबोर्डवरचा, हेही ध्यानात असू द्या.

जे सुटलं नाही ते पीडीएफ. छापखान्यातून आलेल्या जुन्या जाहिराती आणि पत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टात असतात, म्हणजे आत रोमन अक्षरं आणि वर मराठी रूप. डोळ्यांना अस्सल मराठी दिसतं, कॉपी करून पेस्ट केलं की रोमन अक्षरांचा कचरा. याचा दोष लिनक्सच्या माथी मारू नका, तो मजकूर विंडोजवरही तसाच येतो. फॉन्ट कोणता ते कळलं तर मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर चालतो, नाहीतर बसून टाईप करणं आलं.

आणि इतिहास ठेवणारा कुठलाही क्लिपबोर्ड घेतलात तर पासवर्डकडे लक्ष ठेवा. बँकेचा पासवर्ड कॉपी केला की तोही त्याच यादीत किल्लेदाराच्या खाली उघडावाघडा बसतो. घरातला लॅपटॉप चार हातांतून फिरत असेल, तर काम झाल्यावर क्लिपमॅनच्या मेनूतून यादी पुसून टाका. मी बँकेचं काम वेगळ्या युजरखाली करतो, तिथे क्लिपमॅन चालूच होत नाही.