बॉश जीबीएच २-२६ डीआरई: काँक्रीटला भक्कम, चिऱ्याला मात्र ठोका बंद ठेवून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच घरात तीन-चार तऱ्हेच्या भिंती सापडतात. मागची जुनी भिंत जांभ्या चिऱ्याची, मधली खानापूरच्या विटांची, जोतं काळ्या दगडाचं आणि पुढे नव्यानं काढलेला भाग आरसीसी कॉलम-बीम नि सिमेंटच्या सॉलिड ब्लॉकचा. ड्रिल मशीन घेताना वॉट आणि किंमत बघण्याआधी आपल्याला कुठल्या भिंतीत भोक पाडायचं आहे ते बघायला हवं. जीबीएच २-२६ डीआरई हे बॉशचं रोटरी हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोका देणारं ड्रिल मशीन, त्याच अंगानं तपासलं आहे.

कागदावरचे आकडे असे: ८०० वॉट, वजन २.७ किलो, मिनिटाला ९०० पर्यंत फेरे, ४००० पर्यंत ठोके, प्रत्येक ठोक्याची ताकद २.७ जूल, काँक्रीटमध्ये २६ एमएमपर्यंत भोक. यातला २.७ जूल हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. नेहमीच्या १३ एमएमच्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात. ठोके भरपूर, पण हलके, आणि मागून अंगाचा जोर लावला तरच बसणारे. या मशीनमध्ये पिस्टन हवा दाबतो, ती हवा आतला स्ट्रायकर पुढे फेकते आणि ठोका बिटाच्या बुडाशी पोचतो. म्हणून स्लॅबमध्ये भोक पाडताना मशीन सरळ धरायचं आणि बिट टेकलेला राहील एवढाच दाब द्यायचा. जास्त रेटल्यानं वेग वाढत नाही. बिट तापतो आणि मनगट दुखतं.

बिट एसडीएस प्लस, म्हणजे खाचांच्या दांड्याच्या, पद्धतीचे लागतात. दांडा १० एमएमचा, त्यावर चार खाचा. बसवण्याआधी दांडा पुसून टोकाला थोडं ग्रीस लावायचं, फिरवत आत ढकलायचं आणि मग ओढून बघायचं. बिट पुढे-मागे थोडा हलतो. तो दोष नाही, ठोका घेण्यासाठी तशी जागा ठेवलेलीच असते. हातात सुटून बाहेर आला तर मात्र बसलेला नाही. दांड्याभोवतीचं रबरी टोपण फाटलं असेल तर लगेच बदला. स्लॅबला खालून भोक पाडताना सगळी धूळ त्याच वाटेनं मशीनच्या पोटात जाते. अशा कामाला बिटावर धूळ झेलणारा रबरी कप चढवावा.

मोड (नुसतं ड्रिलिंग, ठोक्यासह ड्रिलिंग किंवा छिन्नी) बदलायची कळ मोटर पूर्ण थांबल्यावरच फिरवा. फिरत्या मशीनवर ती वळवली की आतल्या गिअरचे दात जातात, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनचं हे ठरलेलं कारण आहे.

आता भिंती. आरसीसी आणि काळा दगड इथे हे मशीन खरं शोभतं. सुरुवात ट्रिगर हलका दाबून, बिटाचं टोक जागेवर रुतेपर्यंत. मग पूर्ण वेग. दर दोन-तीन सेंटीमीटरला बिट फिरता ठेवूनच बाहेर काढायचा, म्हणजे भुगा बाहेर पडतो. भुगा आत दाटला की बिट अडकतो. काँक्रीटमध्ये बिट अचानक पुढे जायचा थांबला आणि भुग्यात चमकदार कीस दिसला, तर सळी लागली आहे. तिथे जोर करू नका. कॉलम-बीममधली सळी कापायची नसतेच. भोक बाजूला सरकवा आणि जुनं सिमेंटनं बुजवा. बिट अडकल्यावर मशीनमधला क्लच फिरणं तोडतो ही मोठी सोय आहे, पण तोडण्याआधी एक झटका हातात येतोच. शिडीवर उभं राहून एका हातानं मशीन चालवणाऱ्याला तो झटका खाली पाडू शकतो. बाजूचा दांडा कायम लावलेला, घट्ट आवळलेला आणि दुसरा हात त्यावर, हा नियम सोडू नये. सळीची शक्यता असलेल्या कामाला चार धारांचा बिट घ्या. दोन धारांच्या बिटापेक्षा तो कमी अडकतो.

चिऱ्याचं गणित उलटं आहे. जांभा सच्छिद्र आणि त्यामानानं मऊ. ठोका चालू ठेवला की ८ एमएमच्या बिटानं भोकाचे काठ ढासळून ते १० एमएमपर्यंत रुंदावतं, स्क्रू धरणारी गिट्टी (वॉल प्लग) नुसती फिरत राहते, आणि दोष गिट्टीला दिला जातो. इथे कळ नुसत्या ड्रिलिंगवर ठेवा. गिट्टी ८ एमएमची असेल तर भोक आधी ६ किंवा ६.५ एमएमचं पाडून गिट्टी ठोकून बघा. जात नसेल तरच वाढवा. लांब गिट्टी वापरा आणि भोक सांध्यात न पाडता चिऱ्याच्या मध्यावर घ्या. विटेलाही हाच सल्ला, विशेषतः मातीत रचलेल्या जुन्या भिंतीला: ठोक्यानं पलीकडच्या बाजूचा गिलावा फुगून पडतो.

१५ लिटरचा गिझर म्हणजे पाणीच १५ किलो, वर टाकीचं वजन. काँक्रीटमध्ये तो एम-८ अँकर बोल्टवर निर्धास्त टांगता येतो. चिऱ्यात फुगणारा अँकर आवळला की दगडच चिरतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रासायनिक मसाला भरून चिकटवायचा बोल्ट) वापरा, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी द्या.

भोकाची खोली गिट्टीच्या लांबीपेक्षा १० एमएम जास्त ठेवा. बाजूच्या दांड्यातली डेप्थ रॉड त्यासाठीच आहे. अँकर घालण्याआधी भोक फुंकणीच्या पंपानं फुंका, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. केमिकल अँकरला तर हे टाळलं की मसाला भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतो. तोंडानं फुंकू नका, सगळं डोळ्यांत येतं.

टाइल्सवर थेट हॅमर लावायचा नाही. मास्किंग टेप चिकटवून, खूण करून, भाल्याच्या टोकाच्या बिटानं किंवा व्हिट्रिफाइड असेल तर डायमंड बिटानं ठोक्याविना टाइल पार करा. मागचं काँक्रीट लागल्यावरच, एसडीएस बिट बसवून, ठोका चालू. या बिटांसाठी एसडीएस दांड्याचा १३ एमएम चावीचा चक वेगळा घ्यावा लागतो, कारण डीआरईचा चक निघत नाही. बदलता चक डीएफआर मॉडेलमध्ये मिळतो. तो चक लावलेला असताना हॅमर मोड चालवला तर जबडे खिळखिळे होतात. लोखंड आणि लाकूड ही या मशीनची कमजोर बाजू. ९०० फेरे ३-४ एमएमच्या भोकाला फार कमी पडतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्यानं हे मशीन लोखंडासाठी घेऊ नये.

छिन्नीचं काम बरं होतं. २५ एमएम पाइपची खाच काढायची असेल तर आधी कटरनं दोन्ही रेघा मारा, मग २० एमएमच्या चपट्या छिन्नीनं दर वेळी १०-१५ एमएमचाच लचका घ्या. छिन्नी पहारीसारखी उचकटायला वापरली की दांडा तुटतो. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक-षष्ठांशापेक्षा खोल नको. चार इंची भिंतीत आडव्या खाचेतून २५ एमएम पाइप जाणं म्हणूनच चुकीचं आहे, कितीही जण करत असले तरी. स्लॅब किंवा कॉलम फोडायला २.७ जूल पुरत नाहीत. त्याला पाच किलोचा एसडीएस मॅक्स ब्रेकर भाड्यानं आणा.

सुरक्षेबद्दल सौम्य बोलण्यात अर्थ नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत वायर असणारच असं धरून चाला; भोकाच्या जागेचं सर्किट बंद करा आणि मशीन दुसऱ्या सर्किटवर चालवा. मशीन डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंगची पिन नसते. पावसाळ्यात इकडच्या भिंती महिनोन्‌महिने ओल्या राहतात, तेव्हा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनीवरच काम करा. एक्स्टेन्शन १.५ स्क्वेअर एमएमचं, गुंडाळी पूर्ण उलगडून. व्होल्टेज फार पडलं की ठोका मंदावतो. तेव्हा रेटू नका, थांबा. सिमेंट-वाळूच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो. चष्मा हवाच, आणि आवाज ९० डेसिबलच्या आसपास असल्यानं कानात प्लगही. गळ्यातला टॉवेल, ओढणी, सैल सुती हातमोजे फिरत्या बिटाजवळ नकोत.

मग घ्यावं का? रोज स्लॅबवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी बसवणाऱ्यांनी जरूर. चिऱ्या-विटांच्या घरात वर्षाला चार फोटो आणि एक पडद्याची दांडी लावणाऱ्याला ६०० वॉटचं १३ एमएम इम्पॅक्ट ड्रिल पुरतं, हलकंही पडतं. बॉक्सवरचा आणि मशीनवरचा सिरियल नंबर जुळतो का बघा, पक्कं बिल घ्या. बिटांवर पैसे वाचवू नका: टोकावर पीजीएमचा (मापाच्या अचूकतेचा) शिक्का असलेला बिट अँकरला हवं तेवढंच भोक पाडतो. झिजलेला बिट भोक अरुंद पाडतो आणि अँकर अर्ध्यात अडकतो. तापलेला बिट पाण्यात बुडवलात तर कार्बाइडला तडा जातो. पहिल्या खरेदीत ६, ८, १० आणि १२ एमएमचे, १६० एमएम लांबीचे बिट घ्या. त्यातले १०० एमएमच भिंतीत जातात, हे धरून नऊ इंची भिंत आरपार करायला एक लांब बिट वेगळा मागा.