बेसबॉल ग्लव्ह घेताय? आधी हात कुठला ते बघा (3 स्टार)

भाच्याने दिनेश पटेल आणि रिंकू सिंग, म्हणजे भारतातून अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलेली ती दोन पोरं, त्यांच्यावरचा तो डिस्नेचा पिक्चर बघितला आणि मामा मला ग्लव्ह पाहिजे म्हणून मागेच लागला. वाढदिवस जवळ होता, म्हटलं घेऊन टाकू. 12 इंची, पिचरचा (बेसबॉलमधला बॉल टाकणारा), 2300 रुपये. साइटवर लिहिलेलं 'राइट हँड', पोरगा फेकतो उजव्या हाताने, म्हणजे बरोबर ना? कसलं काय. बॉक्स उघडला तर उजव्या हातात घालायचा ग्लव्ह निघाला, म्हणजे डावखुऱ्याचा. फेकायचा हात मोकळा ठेवतात आणि ग्लव्ह दुसऱ्या हातात घालतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. भाचा म्हणतो, मामा तू रिंकूचा आणलास, मला दिनेशचा पाहिजे होता. (रिंकू लेफ्टी, दिनेश राइटी.) सेलरने बदलून दिला पण 11 दिवस लावले, आणि कस्टमर केअरवाली शेवटपर्यंत विचारत होती, सर पेअरमधला दुसरा पीस कुठेय.

आता माल कसा आहे ते. शिलाई चांगली, चामडं जाड. बोटांमधली जाळी पूर्ण बंद आहे, पिचरच्या ग्लव्हला तशीच लागते, कारण आत बॉल कसा पकडलाय ते बॅटरला दिसता कामा नये. पण कडक म्हणजे किती कडक, नवी कोल्हापुरी बरी. पहिले चार दिवस तर मिटतच नव्हता. मग तेलाचं बोट फिरवलं, आत बॉल ठेवून नाडीने आवळून बांधला आणि रात्री गादीखाली. दोन आठवड्यांनी कुठे बॉल आत बसायला लागला. अंगठ्याजवळची वादी मात्र आठवड्यातच सैल झाली, एक स्टार तिथेच कापला. दुसरा त्या 11 दिवसांचा.

पण खरं सांगू का, हा ग्लव्ह घालून बघेपर्यंत दिनेशने काय केलंय ते मला कळलंच नव्हतं. वाराणसीकडच्या गावातला भालाफेक करणारा पोरगा, 2008 च्या मिलियन डॉलर आर्म स्पर्धेत (भारतात जोरात बॉल फेकणारी पोरं शोधायची स्पर्धा) रिंकू पहिला आणि हा दुसरा, दोघांनाही बेसबॉलचा ब सुद्धा माहीत नव्हता. क्रिकेटवाल्यांना सोडून भालाफेकवाले कसे जिंकले असं वाटतं ना, पण बोलर हात सरळ ठेवायला शिकलेला असतो आणि भाल्याला कोपर वाकवूनच फेक असते, पिचिंगच्या ती जास्त जवळची. मग अमेरिकेत पिचिंग कोच टॉम हाऊसकडे ट्रेनिंग, आणि त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स ह्या तिथल्या मोठ्या लीगमधल्या टीमने दोघांना साइन पण केलं. काही महिन्यांपूर्वी ज्याने ग्लव्ह हातात घातला नव्हता त्याला!

2009 आणि 2010 असे दोन सीझन तो फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळला, ही तेव्हा अमेरिकेतल्या मायनर लीगमधली (मोठ्या लीगच्या खालच्या, तयारीच्या लीग) एकदम खालची पायरी. भर दुपारी उन्हात मॅच, स्टँडमध्ये मोजकी माणसं. डिसेंबर 2010 ला टीमने सोडलं, संपलं करिअर. रिंकू अजून थोडा टिकला, वरच्या पायरीवर पण गेला, मग कोपराची सर्जरी झाली आणि 2018 मध्ये तो चक्क डब्ल्यूडब्ल्यूईत.

लोक दिनेशला फ्लॉप म्हणतात तेव्हा डोकं फिरतं माझं. अहो नुसता स्पीड असून भागत नाही, फेकून झालं की तोच बॉल बॅटवरून सुसाट तुमच्या तोंडावर येतो, तो अडवायचा, उचलायचा, पहिल्या बेसवर (बॅटर धावत जातो तो पहिला थांबा) मारायचा, मध्येच बेस चोरायला, म्हणजे हळूच पुढच्या बेसवर पळायला टपलेल्यावर लक्ष ठेवायचं, आणि समोरची पोरं चड्डीत असल्यापासून ग्लव्ह घालून खेळतायत. मला तर 15 फुटांवरून हळू टाकलेला टेनिस बॉल ह्यात पकडता येईना, सारखा उजवा हात पुढे जायचा.

घ्यायचा असेल तर घ्या, पण फोटोत अंगठा कुठल्या बाजूला आहे ते नीट बघा आणि मुलगा लहान असेल तर 12 इंची नको, 11 च्या आतला बघा. आमच्याकडे रोज संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीवर धपधप चालू असते. परवा एक बॉल सुटला तो वॉचमनकाकांनी एका हाताने, तंबाखू मळता मळता झेलला आणि म्हणाले, ह्याला एवढं मोठं कातडं कशाला लागतं रे?