ओटमीलचा शाम्पू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या चार वर्षांच्या शिह त्झू कुत्रीचे केस गेल्या मे महिन्यात बाहेरून कापून आणले, त्याच संध्याकाळी तिच्या पोटावर आणि जांघेत लाल चट्टे उठले व ती रात्रभर तिथेच चाटत राहिली. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की ही ॲलर्जी नसून क्लिपरच्या, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राच्या, तापलेल्या ब्लेडने त्वचा पोळली आहे. माणसाच्या मानाने कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर बराच पातळ असल्यामुळे असे सहज घडते. चट्टे बरे झाल्यावर त्यांच्याच सल्ल्याने कोलॉइडल ओटमीलचा, म्हणजे ओटचे अतिशय बारीक पीठ असलेला शाम्पू आम्ही सुरू केला.

दर तीन आठवड्यांनी कोमट पाण्याने अंघोळ घालून फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यायचा आणि मग पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत धुवायचे, हा क्रम आम्ही कधी मोडला नाही. कोरडी खाज दुसऱ्या महिन्यापासून स्पष्टपणे कमी झाली, पाठीवरचा कोंडाही गेला. ऑगस्टच्या दमट हवेत मात्र काखेत चिकटपणा आणि आंबूस वास सुरू झाला, तेव्हा या शाम्पूचा काहीच उपयोग झाला नाही. तो यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा संसर्ग होता आणि त्यासाठी वेगळा औषधी शाम्पू घ्यावा लागला.

एक चूक मी करत होते, ती आवर्जून सांगते. शाम्पूत पाणी मिसळून उरलेले मिश्रण पुढच्या वेळेसाठी मी बाटलीत भरून ठेवत असे. अशा मिश्रणात स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढू शकतात, आणि ते अंग चोळताना केसांच्या मुळांत शिरले तर एक-दोन दिवसांत पाठीवर अत्यंत दुखऱ्या पुळ्या येतात, तापही चढतो. हे कळल्यापासून लागेल तेवढाच शाम्पू त्याच वेळी कालवते.

खरा फरक मात्र शाम्पूपेक्षा केस कापण्याच्या पद्धतीने पडला, असे माझे मत झाले आहे. आता आम्ही घरीच कापतो. गुंता आधी हाताने आणि कंगव्याने सोडवतो, कारण भिजल्यावर तो अधिकच घट्ट बसतो. पोटावर दहा नंबरचे ब्लेड, केसांच्या दिशेनेच, न दाबता फिरवतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतो. गरम लागले की थांबतो. नोव्हेंबरात घाई केली तेव्हा एकदाच जांघ लाल झाली. थंड पाण्यात भिजवलेले मऊ कापड आठ-दहा मिनिटे ठेवले, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी रुंद कॉलर घातली, आणि दुसऱ्या दिवशी लाली उतरली. घरातले मलम लावायचा मोह होतो, पण झिंक ऑक्साइड चाटण्यातून पोटात गेल्यास अपाय होतो आणि टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी आहे.

सध्या तिसरी बाटली चालू आहे. हिवाळ्यासाठी हाच शाम्पू पुन्हा घेईन. पावसाळ्यात काखा आणि पंजे पशुवैद्यांना दाखवूनच ठरवेन.