अग्निवीर भरती मेळावा: मैदान चोख, कागदपत्रांत मात्र घात

लष्कराच्या भरतीत 2023 पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झाला. त्यामुळे मेळाव्याला छाटलेलीच गर्दी येते आणि कारभार पूर्वीपेक्षा बराच सुटसुटीत झाला आहे. हजेरीची वेळ मात्र बहुधा मध्यरात्रीनंतरची असते. आदल्या दिवशीच गाव गाठा, रात्रीच्या एसटीवर भिस्त ठेवू नका. प्रवेशपत्र लेझर प्रिंटरवर मूळ आकारात छापा आणि बारकोडवर घडी पडू देऊ नका. तो स्कॅन झाला नाही, तर फाटकावरच अडकाल.

धावणं 1.6 किलोमीटर, म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत 60 गुण (पहिला गट), त्यापुढच्या 15 सेकंदांत 48 (दुसरा गट). वेळ संपली की दोर आडवा येतो, तिथे हुज्जत चालत नाही. व्यवस्थेचा हा भाग सगळ्यांत चोख. मुलं पहिली फेरी जीव तोडून पळतात आणि तिसरीत ढेपाळतात. सरावात दर फेरी 82 सेकंदांची ठेवली की पुरे.

बीमकडे, म्हणजे पुल-अप्सच्या आडव्या दांड्याकडे, दुर्लक्ष होतं, ते महागात पडतं. 10 पुल-अप्सना 40 गुण, 6 ला 16. चार पुल-अप्सनी 24 गुण जातात, म्हणजे धावण्यातल्या पहिल्या दोन गटांच्या फरकाच्या दुप्पट! हनुवटी बारच्या वर गेली नाही, तर ती पुल-अप मोजत नाहीत. 9 फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) यांना गुण नाहीत, नुसतं पास व्हायचं. महाराष्ट्रातल्या जनरल ड्यूटी (सर्वसाधारण सैनिक) पदाच्या उमेदवाराची उंची 168 सेंमी हवी आणि छाती 5 सेंमी फुगली पाहिजे.

खरी गळती कागदपत्रांच्या टेबलावर. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; त्यात वडिलांच्या नावाला कुठे 'राव' लागलेला, कुठे नाही. अर्ज दहावीप्रमाणे भरा आणि आधार महिनाभर आधीच दुरुस्त करून घ्या. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, अविवाहितच्या दाखल्यावर फोटोही हवा. ग्रामपंचायतीत तो बिनफोटोचा हातात पडतो आणि कुणी उलटून बघत नाही. मूळ प्रतींबरोबर साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे 20 फोटो न्या. शपथपत्राचा नमुना अधिसूचनेतलाच वापरा. मैदानाबाहेरच्या टपरीवर तयार मिळतो त्यावर विसंबू नका.

मग वैद्यकीय तपासणी. सपाट पाय, गुडघ्याला गुडघा लागणं, रंगांधळेपणा यांवर बरीच मुलं अडतात. कानातला मळ आठवडाभर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या. आदल्या रात्री काडी घालून कान लाल केला तर तोच दोष म्हणून लिहिला जाऊ शकतो. कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे. अनफिट शेरा आला तरी लगेच घरी परतू नका. लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते, पण तिची मुदत थोड्या दिवसांची असते. तारीख चिठ्ठीवर तिथल्या तिथे वाचून घ्या.